दोन मोटारींचा वाय अक्ष : डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्र लिमिट स्विच कसे जोडावेत?

धायरीचा_सुतार

नमस्कार मंडळी. धायरीला माझे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे. तिथे एमडीएफ आणि प्लायची शटर कापण्यासाठी गँट्री (टेबलावरून मागे-पुढे सरकणारी आडवी कमान) पद्धतीचा सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारा, राउटर वापरतो. वाय अक्षाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन १६०५ (१६ मिमी व्यास, ५ मिमी लीड) बॉलस्क्रू असून प्रत्येकाला स्वतंत्र स्टेपर मोटार आणि स्वतंत्र ड्रायव्हर आहे. मात्र दोन्ही ड्रायव्हरांच्या स्टेपच्या आणि दिशेच्या वायरी बोर्डवर एकाच जागी एकत्र आवळलेल्या आहेत आणि होमिंगचा (मशीनची सुरुवातीची जागा शोधण्याचा) स्विच फक्त डाव्या बाजूला आहे. बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो, त्यावर शील्ड (ड्रायव्हर जोडायची वरची पाटी) आणि जीआरबीएल १.१ हे फर्मवेअर, म्हणजे बोर्डातला प्रोग्राम. मशीन ज्यांच्याकडून घेतले त्यांनी ते याच अवस्थेत दिले होते.

अडचण अशी की काम चालू असताना लाइट गेली आणि त्या वेळी कोणी गँट्री एका बाजूने ढकलली, तर ती तिरकी होते. पुन्हा होमिंग केले तरी डावी बाजू स्विचला टेकताच दोन्ही मोटारी एकदम थांबतात, त्यामुळे उजवी बाजू जितकी मागे-पुढे असेल तितकीच राहते. त्यानंतर कापलेले शटर गुण्यात (काटकोनात) येत नाही आणि ते बिजागरीवर चढवल्यावर फट लगेच दिसते.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे न टेकता धातू ओळखणारे स्विच, आणले आहेत. उजव्या बाजूचा सेन्सर डाव्याच्या सिरीजमध्ये त्याच पिनला जोडला तर चालेल का? बोर्ड बदलावाच लागेल का?

भोसरीकर_फिटर

सिरीजने काम होणार नाही. दोन स्विच एका पिनवर आले की बोर्डला ‘कोणता तरी एक दाबला गेला’ एवढेच कळते, कोणता ते कळत नाही. तुम्हाला हवे आहे ते असे : दोन्ही मोटारी एकदम निघाव्यात, डावी बाजू आपल्या स्विचला पोचली की फक्त डावी मोटार थांबावी, उजवीने पुढे चालत राहून स्वतःचा स्विच गाठावा आणि मग दोघींनी मिळून मागे सरकावे. हे साधायचे तर फर्मवेअरला दोन गोष्टी वेगवेगळ्या मिळाल्या पाहिजेत. एक म्हणजे प्रत्येक मोटारीला पल्स देण्याची स्वतंत्र पिन आणि दुसरी म्हणजे प्रत्येक बाजूचा स्विच वाचण्याची स्वतंत्र पिन. तुमच्याकडे सध्या पहिलीच गोष्ट नाही, कारण स्टेपच्या वायरी एकत्र आहेत. तेव्हा स्विच कितीही लावले तरी एका मोटारीला थांबवून दुसरीला चालवणे बोर्डला शक्यच नाही.

बोर्डाकडे वळण्याआधी मात्र एक काम करा. दोन्ही मोटारींचे कपलिंग सैल करा, स्क्रू हाताने फिरवून गँट्री मोकळी करा आणि ती मनाने कुठे बसते ते पाहा. मोकळी गँट्री गुण्यात बसत नसेल, म्हणजे रेल समांतर नसतील किंवा नटाचे ब्रॅकेट तिरके आवळलेले असतील, तर स्विचच्या जोरावर तिला सरळ करू नका. मोटारी ओढून-ताणून तिला गुण्यात आणतीलही, पण तो ताण रात्रंदिवस लिनिअर ब्लॉकवर आणि बॉलनटवर राहील. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत ब्लॉक एका बाजूनेच झिजलेले दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण निघते. स्विचचे काम गँट्रीला सरळ करण्याचे नाही, सरळ असलेल्या गँट्रीला दर वेळी त्याच जागी आणण्याचे आहे.

अर्धविराम

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. बोर्डाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

जीआरबीएलच्या १.१एच या आवृत्तीत एका अक्षाला दोन मोटारी देऊन त्या स्वतंत्रपणे होम करण्याची सोय आलेली आहे, त्यामुळे उनो लगेच भंगारात काढण्याची गरज नाही. पण ही सोय डॉलरच्या ($ चिन्ह आणि क्रमांकाने बदलायच्या) सेटिंगमध्ये सापडणार नाही. कॉन्फिग फाइलमध्ये दुहेरी अक्षाची ओळ चालू करून, अक्ष एक्स की वाय ते निवडून आणि शील्डचा प्रकार सांगून फर्मवेअर नव्याने कंपाइल करावे लागते. शील्डच्या एका प्रकारात स्पिंडलच्या वेगाचे नियंत्रणही सोडावे लागते, कारण उनोवर पिनाच पुरत नाहीत.

पिना पुरत नाहीत म्हणूनच आणखी एक तडजोड केलेली आहे : दुसऱ्या मोटारीचा लिमिट स्विच झेडच्या (वर-खाली जाणाऱ्या अक्षाच्या) लिमिट पिनवरच जोडायचा असतो. झेड आधी वर जाऊन होम होतो, त्यानंतर एक्स आणि वाय निघतात. त्या वेळी झेड स्विचपासून सुटलेला असल्याने ती पिन उजव्या बाजूसाठी मोकळी असते. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. मशीन चालू करताना गँट्रीची उजवी बाजू जर आधीच स्वतःच्या स्विचवर बसलेली असेल, तर झेड जागचा हलायच्या आतच बोर्डला ‘झेड पोचला’ असे वाटते. मग झेड मागे सरकतो, तरीही पिन दाबलेलीच दिसते आणि अलार्म ८ येतो. माणूस झेडचा स्विच तपासत बसतो आणि दोष मात्र वायच्या टोकाला असतो.

याच आवृत्तीत एक चांगली सुरक्षा दिलेली आहे. एका बाजूचा स्विच लागल्यावर दुसरा ठरावीक अंतरात लागला नाही तर होमिंग आपोआप रद्द होते आणि अलार्म १० दिसतो. हे अंतर दुसऱ्या अक्षाच्या, म्हणजे तुमच्या बाबतीत एक्सच्या, कमाल प्रवासाच्या ५ टक्के धरले जाते, मात्र ते २.५ मिमीच्या खाली आणि २५ मिमीच्या वर जात नाही. उजव्या सेन्सरची वायर तुटली असेल तर गँट्री वाकडी होत जाण्याऐवजी मशीन थांबते, हा त्याचा उपयोग. त्या कमाल प्रवासाचा आकडा म्हणजे डॉलर १३०. तो खरा भरा. अनेक जण तिथे काहीतरी मोठा आकडा ठोकून देतात आणि मग ही सुरक्षा सैल पडते.

कर्णकर्कश

उनोवर हे सगळे जमवण्यापेक्षा ईएसपी३२ चिप असलेला बोर्ड घेऊन त्यावर फ्लुइडएनसी हे फर्मवेअर घालावे, असे माझे मत आहे. त्यात कंपाइल करणे नाही. एका मजकूर फाइलमध्ये वाय अक्षाखाली ‘मोटर०’ आणि ‘मोटर१’ असे दोन विभाग लिहायचे आणि प्रत्येकाच्या खाली त्याची स्वतःची लिमिट पिन द्यायची. दोन्ही मोटारींना स्वतंत्र स्विच दिसला की स्वतंत्र होमिंग आपोआप होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्विचपासून मागे सरकण्याचे अंतर दोन्ही मोटारींसाठी वेगवेगळे देता येते. त्याचा उपयोग गुण्या साधताना होतो, ते पुढे सांगतो.

अर्धविराम

बोर्ड बदलायचाच असेल तर फ्लुइडएनसीला माझा विरोध नाही, पण मशीन चालवणाऱ्या इतर सॉफ्टवेअरचे पर्याय माहीत असावेत म्हणून सांगतो. जीआरबीएल-हॅलमध्येही जोडमोटारीचे स्वयंचलित गुण्या साधणे आणि त्यासाठीचा ऑफसेट अशी दोन्ही सोय आहे. मार्लिनमध्ये वायचे दुहेरी एन्डस्टॉप चालू करून एम६६६ या आज्ञेने फरक भरता येतो. क्लिपरमध्ये दुसऱ्या मोटारीच्या विभागात एन्डस्टॉप पिन लिहिली की ती मोटार स्वतःच्या स्विचवर थांबते, न लिहिल्यास ती मुख्य मोटारीच्या स्विचवर अवलंबून राहते, म्हणजे तुमची सध्याची स्थिती. लिनक्ससीएनसीमध्ये दोन्ही जॉइंटांच्या होमिंग क्रमाला एकच ऋण अंक दिला की दोघांची शेवटची हालचाल एकत्र होते आणि फरक प्रत्येक जॉइंटच्या होम ऑफसेटमध्ये भरतात. पद्धत सगळीकडे एकच आहे, फक्त लिहायची जागा वेगळी. धायरीच्या वर्कशॉपात संगणक सांभाळत बसायचे नसेल तर लिनक्ससीएनसी मी सुचवणार नाही.

धायरीचा_सुतार

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. कपलिंग सैल करून पाहिले. गँट्री मोकळी असताना जवळजवळ गुण्यात बसते, मोठ्या गुण्याने तपासल्यावर डोळ्याला फट दिसत नाही. ईएसपी३२ चा बोर्ड मागवला आहे. आता सेन्सरचे सांगावे. माझ्याकडचे सेन्सर एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स या क्रमांकाचे आहेत, तीन वायरींचे. मशीनवर २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय आहे.

रोधक

इथे थांबा आणि कोणतीही वायर बोर्डला लावण्यापूर्वी हे वाचा.

तुमचा सेन्सर ६ ते ३६ व्होल्टवर चालणारा एनपीएन जातीचा (आउटपुट ऋणाकडे ओढणारा) आहे : तपकिरी वायर धन, निळी ऋण आणि काळी आउटपुट. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. २४ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरची काळी वायर थेट पिनेला लावली तर पिन, कदाचित अख्खी चिप, जाऊ शकते. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देऊन दोन सर्किटे वेगळी ठेवणारा भाग) घालावा. पीसी८१७ तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल. तपकिरी वायरच्या २४ व्होल्टपासून ३.३ किलोओहमचा रोध, तिथून ऑप्टोच्या एलईडीत आणि एलईडीतून काळ्या वायरीत अशी जोडणी करा. करंट साधारण ७ मिलिअँपिअर येतो आणि पाव वॅटचा रोध पुरतो. ऑप्टोच्या दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टर पिनेला ऋणाकडे ओढतो आणि ३.३ व्होल्टकडे एक पुल-अप रोध (पिन एरवी धनाकडे धरून ठेवणारा) लागतो. ईएसपी३२ वर ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या असून त्यांना आतला पुल-अप नाही. त्या निवडल्या आणि बाहेरून रोध लावला नाही तर पिन अधांतरी राहते आणि मनाला येईल तेव्हा ‘लिमिट लागली’ असे सांगते. तयार बोर्डवर लिमिटसाठी ऑप्टो आधीच बसवलेले असतील तर यातले बरेच काम वाचेल. बोर्डचा आराखडा पाहून घ्या.

दुसरी गोष्ट. शेवटी ‘बीएक्स’ म्हणजे नॉर्मली ओपन (एरवी जोडणी तुटलेली). त्याची वायर तुटली तर बोर्डला काहीच कळत नाही आणि मोटार स्विच शोधत टोकाला जाऊन आदळते. ‘एएक्स’ म्हणजे नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडणी जुळलेली). वायर तुटली किंवा सेन्सरचा सप्लाय गेला की तो ‘लागला’ असेच दिसतो आणि मशीन जागेवर थांबते. दोन मोटारींच्या अक्षावर याला फार महत्त्व आहे, कारण इथे एकच बाजू आदळली तरी दुसरी बाजू तिला वाकवत राहते. शक्य असेल तर दुकानातून बदलून घ्या आणि दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचे लावा. प्रकार बदलला की पिन कोणत्या स्थितीत ‘लागली’ समजायची तेही फाइलमध्ये उलटे करावे लागेल, हे लक्षात असू द्या.

भोसरीकर_फिटर

रोधक यांच्या म्हणण्यात बसवण्याविषयी थोडी भर घालतो. ४ मिमी अंतराचा हा सेन्सर धातूत बुडवून बसवायचा नसतो. त्याचे डोके ब्रॅकेटच्या बाहेर मोकळे ठेवा, नाहीतर ब्रॅकेटलाच तो लक्ष्य समजेल. ४ मिमी हे अंतर लोखंडासाठी आहे, ॲल्युमिनियमसाठी ते बरेच कमी होते. म्हणून गँट्रीच्या ॲल्युमिनियम पाटीवर भरवसा न ठेवता दोन्ही बाजूंना एकाच जाडीची लोखंडी पट्टी लावा. पट्टी सेन्सरच्या तोंडावर समोरून येऊ नये, तोंडासमोरून आडवी सरकत जावी. म्हणजे कधी थांबायला उशीर झाला तरी सेन्सर चेचला जात नाही. पट्टी आणि तोंड यांतली फट दोन्हीकडे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सारखी करा.

मला स्वतःला रोलरवाले मायक्रोस्विच जास्त आवडतात, पण तुमच्याकडे एमडीएफची धूळ आहे. ती स्विचच्या पात्याखाली पिठासारखी बसते. तुमच्या कामाला प्रॉक्सिमिटीच योग्य.

रोधक

मायक्रोस्विचबाबत मी उलट मताचा आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय होईल. वायरिंगचे एक राहिले. सेन्सरच्या वायरी मोटारींच्या आणि स्पिंडलच्या व्हीएफडीच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलसोबत एकाच केबल चेनमध्ये गुंडाळू नका. जागाच नसेल तर शील्ड असलेली केबल घ्या आणि शील्ड फक्त कंट्रोल पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. स्पिंडल बंद असताना होमिंग उत्तम होते आणि स्पिंडल सुरू केल्यावर मध्येच हार्ड लिमिटचा अलार्म येतो, ही तक्रार जवळजवळ नेहमी नॉइजची असते, सेन्सर बिघडल्याची नसते.

धायरीचा_सुतार

सेन्सर बदलून ‘एएक्स’ आणले. बोर्डवर ऑप्टो आहेत. जोडणी झाली आहे. पहिले होमिंग करताना काय काळजी घ्यावी?

अर्धविराम

कपलिंग अजून आवळू नका. मोटारींच्या शाफ्टवर खडूची खूण करा, म्हणजे कोणती फिरते आणि कोणती थांबली ते दिसेल. प्रथम दोन्ही शाफ्ट योग्य दिशेला फिरतात का ते पाहा. तुमचे दोन्ही बॉलस्क्रू एकाच टोकाकडून चालवलेले असतील तर दोन्ही मोटारी एकाच दिशेने फिरल्या पाहिजेत. रॅक-पिनियनच्या मशीनवर मोटारी समोरासमोर तोंड करून असतात, तिथे एक उलटी लागते.

मग होमिंग संथ वेगाने सुरू करा आणि डाव्या सेन्सरसमोर स्क्रूड्रायव्हरचे लोखंडी पाते धरा. डावी मोटार थांबली पाहिजे आणि उजवी चालत राहिली पाहिजे. नंतर लगेच उजव्यासमोर धरा. डाव्यासमोर धरल्यावर उजवी थांबली, तर सेन्सरच्या पिना आपसांत बदललेल्या आहेत. ही चूक कपलिंग आवळल्यावर सापडली तर महागात पडते : डावी बाजू जागेवर पोचते, थांबते मात्र उजवी, आणि डावी तशीच पुढे घुसत राहते.

कर्णकर्कश

आता गुण्याचे. सेन्सर नजरेने कितीही सरळ बसवले तरी दोघांत थोडा फरक राहणारच आणि तो फरक मशीनच्या कापातूनच मोजावा. बारीक ड्रिलने एमडीएफवर चार भोके पाडा, एक्सकडे ४०० मिमी आणि वायकडे ३०० मिमी. दोन्ही कर्ण ५०० मिमी आले पाहिजेत. भोकांत त्याच मापाच्या ड्रिलच्या दांड्या घालून दांडी ते दांडी मोजा, भोकाच्या कडेवर पट्टी ठेवू नका. मोठा व्हर्निअर मिळाला तर उत्तम.

गँट्री किंचित तिरकी असेल तर एक कर्ण लांब आणि दुसरा आखूड होतो. या मापाच्या आयतात कर्णांमधील फरकाला ४८० ने भागले की तिरकेपणाचा कोन रेडियनमध्ये मिळतो. त्या कोनाला दोन बॉलस्क्रूंमधील अंतराने गुणा. आलेला आकडा म्हणजे एका बाजूला द्यायची दुरुस्ती. ४८० हा आकडा बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट भागिले कर्ण असा येतो, त्यामुळे आयत बदलला तर तोही बदलेल.

दिशा अशी ठरवा. होम पुढच्या डाव्या कोपऱ्यात आहे असे धरतो. पुढचा-डावा ते मागचा-उजवा हा कर्ण लांब असेल, तर गँट्रीची उजवी बाजू जास्त मागे गेलेली आहे, म्हणून उजव्या मोटारीचे मागे सरकण्याचे अंतर तेवढे कमी करा. दुसरा कर्ण लांब असेल तर उलट.

धायरीचा_सुतार

बॉलस्क्रूंमधील अंतर ९०० मिमी आहे. पुढचा-डावा ते मागचा-उजवा कर्ण ५००.४ आणि दुसरा ४९९.६ आला.

कर्णकर्कश

फरक ०.८. भागिले ४८०, गुणिले ९००, म्हणजे दुरुस्ती १.५ मिमी. दोन्ही मोटारींचे अंतर ४ मिमी ठेवले असेल तर उजव्याचे २.५ करा.

भोसरीकर_फिटर

आकडा बरोबर आहे, पण दीड मिलिमीटर फाइलमध्ये भरू नये असे मी म्हणेन. उजव्या सेन्सरचे ब्रॅकेट तितके पुढे सरकवा आणि उरलेला बारीक फरक तेवढा फाइलमध्ये जाऊ द्या. उद्या बोर्ड जळला आणि कोणी जुनी फाइल विसरून नवी घातली, तर मशीन निदान गुण्याच्या जवळपास राहील. ऑफसेट लक्षात ठेवणारा माणूस नेहमी वर्कशॉपात असेलच असे नाही.

कर्णकर्कश

हे पटले. ब्रॅकेटला लांबट खाचा असतील तर तसेच करा, खाचा नसतील तर फाइलमध्ये भरून तो आकडा पॅनेलच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवा.

धायरीचा_सुतार

ब्रॅकेटला खाचा होत्या. सरकवून पुन्हा भोके पाडली, आता कर्णांतला फरक व्हर्निअरवर ०.१ च्या आत आहे. उरलेला फरक फाइलमध्ये भरला. शेवटची शंका : लाइट जाऊन आली की दर वेळी होमिंग केलेच पाहिजे का? गँट्रीला कोणी हात लावलेला नसला तरीही?

अर्धविराम

होय. स्टेपर मोटारीचा करंट गेला की रोटर मोकळा होतो आणि पुन्हा करंट आल्यावर तो ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या स्थितीशी जुळणाऱ्या जवळच्या जागी खेचला जातो. १.८ अंशांच्या मोटारीत अशा जागा चार पूर्ण स्टेपच्या अंतराने येतात. ५ मिमी लीडच्या स्क्रूवर एक पूर्ण स्टेप ०.०२५ मिमी, म्हणजे चार स्टेप ०.१ मिमी. डावी मोटार पुढच्या जागी आणि उजवी मागच्या जागी बसली, तर हात न लावताही दोन बाजूंत तेवढा फरक पडू शकतो. शिवाय हालचाल थांबली की काही क्षणांतच मोटारींचा करंट आपोआप बंद होत असेल, तर ते सेटिंगही बदला. फ्लुइडएनसीमध्ये निष्क्रियतेचा वेळ २५५ ठेवला की मोटारी कायम धरून राहतात. जुन्या जीआरबीएलमध्ये डॉलर १ ला हाच आकडा देत असत. मोटारी थोड्या तापतील, ते चालेल.

भोसरीकर_फिटर

आणि होमिंग करण्याआधी गँट्री दोन्ही सेन्सरपासून थोडी दूर आहे ना, ते पाहून मगच बटण दाबा. ती डावीकडे सेन्सरवर चढलेली आणि उजवीकडे अलीकडे असेल, तर स्क्रू हाताने फिरवून दोन्ही बाजू सारख्या मागे घ्या. पोरांना हे आधीच शिकवून ठेवा, नाहीतर ते एकाच बाजूने गँट्री ढकलतील.